दमास्कस सुरी, सुरमईचं डोकं आणि धारेचा टवका

अबोली_के

नमस्कार मंडळी. प्रश्न स्वयंपाकघरातला आहे, पण लोखंडातलं कळणाऱ्यांनीही सांगावं.

धाकटा भाऊ कामासाठी जपानला गेला होता. येताना माझ्यासाठी सुरी घेऊन आला. आठ इंची पातं, अष्टकोनी लाकडी मूठ, आणि पात्यावर ओहोटीनंतर वाळूत उमटतात तशा बारीक लाटा. डब्यावर ‘दमास्कस, ६७ थर’ लिहिलंय. पंधरा दिवस कांदे-टोमॅटो चिरले. पिकलेल्या टोमॅटोवर नुसती टेकवली तरी साल उलगडायची. इतकी धार मी याआधी कधी हातात धरली नव्हती.

गेल्या रविवारी अडीच किलोची अख्खी सुरमई घेतली. मावशी कोयता घेऊन बसल्याच होत्या, मी म्हटलं राहू दे, घरी सुरी आहे. घरी पर काढले, पोट फाडलं, कोथा काढला. सगळं विनासायास. मग डोकं वेगळं करायला घेतलं. कल्ल्यामागून सुरी घातली, मधल्या काट्यापर्यंत गेली आणि अडकली. मी वरून तळव्याने दाब दिला, सुटेना म्हणून थोडी डावी-उजवीकडे हलवली. ‘कट्’ असा बारीक आवाज आला. मला वाटलं काटा तुटला. धुताना धारेवरून नख फिरवलं तर दोन ठिकाणी अडकलं. एक टवका मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा, दुसरा त्याहून लहान.

फार वाईट वाटतंय. भावाला अजून सांगितलेलं नाही. सुरी नकली आहे का? की दमास्कस मासळीसाठी नसतेच? आणि हे टवके घरी निघतील का?

मालवणी_गजाली

गो बाय, सुरमयचा डोक्या आडाळ्यारच (विळीवर) कापूचा आसता. बोटा शाबूत आसत मां? मग झाला तर.

वर्सोव्याची_लेक

पहिलं म्हणजे तो टवका कुठे गेला ते बघ. पोलादाची कपची माशाच्या तुकडीत राहिली तर दाताखाली येईल, पोटातही जाईल. डोक्याकडचा आणि त्यालगतचा तुकडा खाल्ला नसाल तर नीट धुऊन, उजेडात धरून बघ. कपची सापडली नाही तर तो तुकडा टाकून दे. बाकीचं नंतर.

अबोली_के

@वर्सोव्याची_लेक, हे डोक्यातच आलं नव्हतं. डोकं आणि गळ्याकडचे दोन तुकडे आमटीसाठी फ्रीजमध्ये होते. आत्ता काढले. मोठी कपची काट्यालाच चिकटलेली मिळाली, चमकत होती. दुसरी मिळाली नाही, म्हणून तिन्ही टाकून दिले. खूप आभार.

धातुकर्मी

अबोलीताई, सुरी नकली असती तर बहुतेक टवका उडाला नसता, धार वळली असती. तुमची सुरी कडक आहे म्हणूनच तुटली. जरा सविस्तर सांगतो. आयुष्याची वीस वर्षं पोलादाच्या कडकपणाशी झगडण्यात गेली आहेत, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे.

आज दुकानात ‘दमास्कस’ म्हणून मिळते ती थरांची सुरी. दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, भट्टीत लाल करून, दाबून एकजीव करतात. नंतर पातं आम्लात बुडवलं की एक पोलाद जास्त खातं, दुसरं कमी, आणि लाटा दिसू लागतात. ६७ थरांचा हिशेब बहुधा असा: एका अंगाला ३३, दुसऱ्या अंगाला ३३, आणि मधोमध एक गाभा. धार असते ती फक्त या गाभ्याची.

पातं खिडकीपाशी तिरकं धरून बघा. लाटा धारेपर्यंत येत नाहीत. थोड्या आधी एका नागमोडी रेषेवर थांबतात आणि खाली साधी, एकरंगी पट्टी राहते. माशाला लागते ती तेवढीच. वरची नक्षी म्हणजे गाभ्याला घातलेला अंगरखा. गाभ्याला आधार देते, गंजण्यापासून वाचवते, सुंदर दिसते. पण कापत नाही.

अशा सुऱ्यांच्या गाभ्याला बऱ्याचदा व्हीजी-१० नावाचं पोलाद असतं. कार्बन साधारण १ टक्का, क्रोमियम १५ टक्के, कडकपणा रॉकवेल सी मापावर ६०च्या आसपास. एवढं कडक असल्यामुळे धार प्रत्येक बाजूने १५ अंशांइतकी निमुळती करता येते आणि ती टिकते. पण कडकपणा आणि चिवटपणा एकमेकांच्या विरुद्ध जातात. सरळ खाली दाब दिला तर ही धार बरंच सोसते. आडवा ताण आला की सोसत नाही. तुम्ही दाब दिल्यामुळे टवका उडाला नाही, ‘डावी-उजवीकडे हलवली’ तेव्हा उडाला. काट्यात रुतलेली धार जागच्या जागी पिरगळली गेली.

नागोयाकर

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. जपानात नऊ वर्षं झाली, त्यातली पाच बायकोच्या माहेरी मासे साफ करण्यात गेली (सासरे रोज सकाळी गळ टाकतात), म्हणून थोडं लिहितो.

तुझ्या भावाने आणली ती बहुधा ‘ग्युतो’. म्हणजे पाश्चात्त्य शेफ-सुरीचा जपानी अवतार. भाजी, मांस, बिनकाट्याचा मासा यांसाठी. अख्खा मासा फोडायला इथे वेगळी सुरी असते, ‘देबा’. तिची पाठ पाच मिलिमीटरहून जाड, वजनाला चांगली भक्कम, आणि धार एकाच बाजूने. दुसरी बाजू जवळजवळ सपाट, किंचित खोलगट, त्यामुळे ती काट्याला चिकटून सरकते आणि काट्यावर मांस राहत नाही.

देबानेही डोकं तोडताना कुणी दणके घालत नाही. कल्ल्याच्या परामागून तिरका काप एका बाजूने, मासा उलटून तसाच काप दुसऱ्या बाजूने, आणि मग मणक्याच्या दोन मण्यांमधला सांधा शोधून तिथे सुरीची टाच ठेवून दाबायची. टाच म्हणजे मुठीजवळचा भाग. तिथे धार मुद्दाम जरा बोथट कोनाची ठेवतात. सांध्यात बसली की ‘टक्’ होऊन सुटते. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी मला सुरीच दिली नाही. डोळे मिटून बोटाने सांधा शोधायला लावला. सुरमईतही सापडेल. बोट दाबून बघ, दोन मण्यांमध्ये किंचित खाच लागते.

नंतर मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी दोन लांब काप. दोन मांसाचे आणि एक काट्याचा, असे तीन भाग होतात. कच्चा खायचा असेल तर तिसरी सुरी येते, ‘यानागिबा’, लांब आणि अरुंद. ती एका ओढीत कापते, पुढे-मागे करायचं नाही.

आणि हो, आमच्या बाजारातल्या मासेवाल्यांकडे मी नक्षीची सुरी पाहिलेली नाही. साधं कार्बन पोलाद, काळपट पडलेलं, मुठीला फडकं गुंडाळलेलं. नक्षीच्या सुऱ्या घरात आणि भेटीत दिसतात. त्या नक्षीला इथे ‘सुमिनागाशी’ म्हणतात, पाण्यावर शाई सोडून कागदावर उतरवायची जी कला आहे, तिचंच नाव.

भेंडीप्रेमी

आमच्या घरात मासा येत नाही, पण हा धागा मी श्वास रोखून वाचतोय. भेंडीचा मणका कुठे असतो ते कुणीतरी सांगा.

मालवणी_गजाली

@भेंडीप्रेमी, देठाक. थयसूनच तोडतत.

इतिहासवेडा

दमास्कसचा विषय निघाला आणि दख्खनचं नाव आलं नाही, हे बरोबर नाही. ज्या तलवारींमुळे हे नाव जगभर झालं, त्यांचं पोलाद आपल्याकडचं होतं! दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला घालून ते वितळवत आणि सावकाश थंड करत. तेलंगणातलं कोनासमुद्रम, तमिळनाडूतलं कोडुमणल ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. कानडीत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात, त्यावरूनच इंग्रजीत ‘वूट्झ’ झालं असं मानतात. त्याच्या वड्या इराणकडे आणि अरबस्तानाकडे जात आणि तिथे तलवारी घडत.

मुंबईचाही यात वाटा आहे. १७९०च्या दशकात मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यावर जॉर्ज पिअर्सन यांनी प्रयोग केले आणि १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे, विजेचे प्रयोग करणारे तेच, जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर याच पोलादाच्या मागे लागले होते.

तेव्हा अबोलीताई, तुमच्या हातातली सुरी एका अर्थाने माहेरी परत आली आहे.

धातुकर्मी

@इतिहासवेडा, इतिहास बरोबर आहे आणि तो सांगितलात हे छानच केलंत. फक्त शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे, कारण याच गोंधळावर आज अनेक दुकानं चालतात.

वूट्झच्या तलवारीत थर जोडलेले नव्हते. ती एकाच वडीतून ठोकून काढलेली असे. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, त्यामुळे थंड होताना लोखंड-कार्बनच्या संयुगाचे अतिशय कठीण कण तयार होत, आणि पुन्हा पुन्हा तापवून ठोकताना ते कण रांगा धरून बसत. लाटा दिसत त्या या रांगांच्या. अमेरिकेत जॉन व्हर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी मिळून अशी पाती पुन्हा घडवली आणि १९९८ मध्ये दाखवून दिलं की खनिजातून येणाऱ्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी लेशमात्र अंश त्या रांगांना कारणीभूत असतो. एकोणिसाव्या शतकात ही विद्या खंडित झाली.

आजची थरांची सुरी ही वेगळ्या घराण्यातली आहे. तीही जुनी आणि मानाची विद्या आहे, युरोपात आणि जपानात शतकानुशतकं थर जोडून पाती घडवत आलेत. पण वूट्झ नव्हे. नाव एकच पडलं, एवढंच.

इतिहासवेडा

मान्य. माहेर मागे घेतो, लांबचं नातं ठेवतो.

पोलादी_पंजा

मला एक पटत नाही. थरांमध्ये एक कडक, एक मऊ असतं, त्यामुळे धारेवर सूक्ष्म करवत तयार होते आणि माशाची कातडी पटकन पकडते. माझी सुरी अशीच आहे, बांगड्यावर अजिबात घसरत नाही. मग नक्षी नुसती दिखाऊ कशी?

धातुकर्मी

@पोलादी_पंजा, तुमच्या सुरीला वेगळा गाभा आहे का? की थर अगदी धारेपर्यंत आलेत?

पोलादी_पंजा

धारेपर्यंत. एका हौशी लोहाराकडून घेतली आहे. १०९५ आणि १५एन२० अशी दोन पोलादं सांगितली होती.

धातुकर्मी

मग तुमची गोष्ट निराळी. दोन्ही कार्बन पोलादंच. १५एन२० मध्ये साधारण २ टक्के निकेल असतं, म्हणून आम्लात ते चकचकीत राहतं आणि १०९५ काळं पडतं. इथे धार खरोखर थरांचीच असते. पण कडक करायला पाणी दिल्यावर दोन्हींचा कडकपणा जवळपास सारखा येतो. बांगड्यावर ती पकडते ती बहुधा धार लावायच्या दगडाच्या दाण्यामुळे (नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक). तुम्ही १००० नंबरच्या दगडावर थांबत असाल तर धारेवर बारीक दातरे राहतात आणि ओल्या कातडीवर ते फार उपयोगी पडतात. साध्या सुरीवरही ते येतील. एकदा करून बघा आणि इथे लिहा.

पोलादी_पंजा

१००० वरच थांबतो, खरं आहे. साध्या सुरीवर बघून सांगतो. एक मात्र माझ्या अनुभवातून सगळ्यांना सांगतो. कोकमाचं आगळ लागलेली सुरी दहा मिनिटं ओट्यावर राहिली आणि नक्षीवर राखाडी-निळे डाग पडले. लिंबाचंही तेच. कार्बनच्या दमास्कसला आंबट आणि मीठ दोन्ही चालत नाही आणि आपल्या मासळीला पहिल्यांदा लागतं तेच. आता मी मासा कापून झाला की लगेच थंड पाण्याने धुतो, पुसतो, आणि मगच मीठ-हळद-आगळ लावायला घेतो. गरम पाणी आधी घालत नाही, माशाचं पाणी पात्यावर शिजून चिकटतं आणि वास राहतो. रात्री खोबरेल तेलाचं बोट फिरवतो.

वर्सोव्याची_लेक

आता कोयत्याबद्दल लिहिते, कारण वर सगळ्यांनी तो गृहीत धरलाय.

माझ्या आईने एकतीस वर्षं बाजारात मासळी विकली. तिचा कोयता ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून लोहाराने घडवलेला. गाडीचं सगळं वजन आणि रस्त्यातले खड्डे झेलणारं पोलाद आहे ते, त्यामुळे घोळीच्या डोक्यावर आपटला तरी फार तर धार वळते. आई दुपारी बाजार ओसरला की पाणी शिंपडून दगडावर दहा-बारा वेळा घासायची आणि पुन्हा तयार. तिचा कोयता टोमॅटोच्या सालीवर घसरेल. पण तिला टोमॅटो कापायचाच नव्हता.

ती कापायची कशी ते बघण्यासारखं होतं. मोठ्या सुरमईची तुकडी काढताना आधी कोयता माशावर नुसता टेकवायची, धार मांसातून काट्यापर्यंत उतरवायची, आणि मग कोयत्याच्या पाठीवर लाकडी दांडक्याचा एकच ठोका. उचलून घाव कधीच नाही. घाव घातला की काटा फुटतो, त्याच्या बारीक कपच्या तुकडीत शिरतात आणि जेवताना लहान मुलांच्या घशाला लागतात. तुकडी एकसारखी, पाऊण इंचाची, कडा फाटलेल्या नाहीत. गिऱ्हाईक तिच्याकडे परत यायचं त्यात त्या कडांचा मोठा भाग होता, असं मला अजूनही वाटतं.

म्हणून अबोली, बाजारात मावशी कापून देतात ना, तेव्हा मोठ्या माशाचं डोकं आणि काट्यासकटच्या तुकड्या त्यांच्याकडूनच करून घे. त्यांच्या हातात हजारो माशांचा सराव असतो. त्या कामाचे पैसे मागितले तर आनंदाने दे.

पणजीची_पोर

वर्सोव्याच्या ताईंचं वाचून डोळे भरून आले. माझी आजी आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसायची, उजवा पाय पाटावर, मासा दोन्ही हातांत. आदोळीत पातं जागेवर आणि मासा हलतो, म्हणून दोन्ही हातांची ताकद माशावर लागते. बुळबुळीत मासा असला की बोटांना चुलीतली राख लावून घ्यायची.

पण मला या सुरीची बाजूही मांडायची आहे. मी गेली चार वर्षं अशीच थरांची सुरी मासळीलाच वापरते आणि एकही टवका नाही. कारण मी तिला तिची कामं देते.

रेशाद बांगडा: पोटाकडून नाही, पाठीकडून चिरायचा. मधल्या काट्याच्या एका बाजूने डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काप, मग दुसऱ्या बाजूने. दोन खिसे होतात, त्यात मसाला. बोथट सुरीने हे केलं की मांस फाटतं आणि तव्यावर मसाला बाहेर सांडतो. या सुरीने खिसे इतके साफ होतात की बांगडा तळल्यावरही मिटलेला राहतो.

बोंबील: डोकं काढून उभा चिरायचा, उघडायचा आणि वजनाखाली दाबून पाणी काढायचं. ओल्या बोंबलाचं मांस जेलीसारखं, बोथट पात्याखाली त्याचा लगदा होतो. इथे हिला तोड नाही.

पापलेटला चिरा मारणं, चोणकाचे बिनकाट्याचे काप रव्यात तळायला काढणं, तिथेही हीच. फक्त एक, कातडी सोलायला मी ती घेत नाही. त्यासाठी लवचीक, वाकणारं पातं लागतं आणि ही वाकत नाही.

मस्कतवाले_काका

आमच्याकडे सुरमईला ‘कनाद’ म्हणतात. मत्रहच्या मासळीबाजारात घेतली की कापणाऱ्याकडे द्यायची, तो पाच मिनिटांत हवे तसे काप करून देतो. मी अशीच एक लखलखती दमास्कस सुरी ऑनलाइन मागवली होती, फार स्वस्तात. दोन महिने वापरून भांड्याच्या घासणीने घासली तर नक्षीच निघून गेली. आता ती सुरी पिशव्या उघडायला आहे. खरी-खोटी कशी ओळखायची, ते धातुकर्मी यांनी लिहावं.

धातुकर्मी

काका, ती लेझरने वर उमटवलेली नक्षी असणार. तीन गोष्टी बघा. दोन्ही बाजूंची नक्षी तंतोतंत सारखी असेल, तर संशय घ्या. खऱ्या थरांची नक्षी दोन बाजूंना थोडी वेगळी पडते. पात्याची पाठ बघा, तिथे उभ्या रेघांमध्ये थर दिसायला हवेत (पाठ फार घोटलेली असेल तर दिसणार नाहीत). आणि गाभ्याची सुरी असेल तर ती नागमोडी सीमारेषा शोधा. खरी नक्षीही वापरून आणि घासून फिकी होते, पण थर आतपर्यंत असल्यामुळे आम्ल लावलं की परत वर येते. छापलेली गेली की गेली. भांड्याच्या घासणीने मात्र खरी सुरीसुद्धा घासू नका.

अबोली_के

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. खिडकीशी धरून बघितलं, ती नागमोडी रेषा दिसली! पाठीवर रेघाही आहेत. म्हणजे भावाने खरी वस्तू आणली आहे, मन हलकं झालं.

आता टवक्यांचं काय? खाली धार लावणारा सायकल घेऊन येतो, त्याला देऊ का?

धातुकर्मी

नको, कृपा करून नको. त्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचं टोक क्षणात फार तापतं. कडक केल्यानंतर चिवटपणासाठी पुन्हा हलकं जेवढं तापवलं, त्याहून जास्त तापलं की धार मऊ पडते. निळसर झाक दिसली तर समजा तेवढा भाग वाया गेला. विळीला तो चालतो, हिला नाही.

नागोयाकर

घरी होईल, घाबरू नकोस. दोन दगड लागतील: एक जाडा, २२० ते ४०० नंबरचा, आणि एक १०००चा. ओल्या फडक्यावर दगड ठेव म्हणजे सरकणार नाही. पाणी सारखं घालत राहा.

आधी जाड्या दगडावर. तुझं पातं मुठीजवळ साधारण साडेचार सेंटिमीटर रुंद असेल, तर पाठ दगडापासून एक सेंटिमीटरहून किंचित जास्त वर धर. तो झाला १५ अंशांचा कोन. पण मी म्हणेन थोडी अजून वर धर. मासळी कापणार असशील तर धार जरा जाड कोनाची बरी, टवके कमी उडतील. डाव्या हाताची तीन बोटं टवक्याच्या मागे टेकव आणि ढकल-ओढ. फक्त टवक्यापाशी घासू नकोस, खड्डा पडेल. संपूर्ण लांबी सारखी घास. दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागली की पातं उलट. मोठा टवका पूर्ण जायला पाऊण तास तरी लागेल. लहानसा राहिला तर राहू दे, पुढच्या दोन-तीन धारांत जाईल. मग १०००वर तेच, हलक्या हाताने.

आणि फळी लाकडाची घे. काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ही सुरी कधीच नाही.

भेंडीप्रेमी

भेंडीसाठीही हीच पद्धत चालेल ना? हा प्रश्न मनापासून आहे, माझ्या सुरीने भेंडी चिरण्याऐवजी चिरडली जाते.

नागोयाकर

हो, तंतोतंत हीच.

अबोली_के

दहा दिवसांनी येतेय.

दगड मागवले. शनिवारी दुपारी सगळे झोपल्यावर बसले. पहिली वीस मिनिटं कोन हातात येईना, पातं डोलत होतं. नागोयाकरांनी सांगितलेलं अंतर पाठीखाली करंगळीचं टोक सरकवून मोजत राहिले. मग हळूहळू दगडावर काळं पाणी जमायला लागलं आणि आवाज बदलला, खरखरीचा सरसरीत झाला. तासाभराने मोठा टवका दिसेनासा झाला. लहान टवक्याच्या जागी नख अजून किंचित थबकतं, तो ठेवलाय. धारेलगतची साधी पट्टी थोडी रुंद झाली आणि तिथल्या लाटा पुसट झाल्या. आधी वाईट वाटलं. आता ती जागा मला आवडते.

रविवारी सुरमई आणली. डोकं आणि तुकड्या मावशींकडून करून घेतल्या. त्यांना दांडक्याच्या ठोक्याबद्दल विचारलं तर हसून म्हणाल्या, “कुणी शिकवलं गो तुला?” वर्सोव्याच्या ताई, तुमच्या आईबद्दल त्यांना सांगितलं.

घरी सहा बांगडे या सुरीने पाठीकडून चिरले. पहिले दोन वाकडे गेले, पुढचे चार पणजीच्या पोरीने लिहिलं तसे, दोन्ही खिसे शेपटीपर्यंत. एकाचाही मसाला तव्यात सांडला नाही.

भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, दुकानात त्याला विचारलं होतं की मासा अख्खा कापणार का, आणि त्याला प्रश्न कळला नाही म्हणून तो हो म्हणाला. त्यांनी दुसरी जाड, साधी सुरी पुढे केली होती. याला लाटांची आवडली.

नागोयाकर

ती जाड साधी म्हणजे देबाच असणार!

पोलादी_पंजा

साध्या सुरीला १०००च्या दगडावर धार लावून बघितली. धातुकर्मी बरोबर होते, बांगड्यावर तशीच पकडते. तरी मी माझी नक्षीवालीच वापरणार, हातात घेतली की बरं वाटतं.

धातुकर्मी

मग तीच वापरा. मीही घरी तेच करतो.

मालवणी_गजाली

बांगडे झाले, आता मोरी (लहान शार्क) कधी? तिचा कातडा काढूक सांगतंय, पण आडाळो घेवन बस.